परक्या शहरात एक मोकळा दिवस, एकट्यानं

कामानिमित्त, परीक्षेसाठी किंवा कुणाच्या लग्नाला म्हणून आपण एखाद्या मोठ्या शहरात जातो. काम आदल्या दिवशीच उरकतं, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची असते आणि मधला अख्खा दिवस मोकळा सापडतो. सोबत कुणी नसतं, शहर ओळखीचं नसतं. अशा वेळी बरेच जण खोलीवर झोपून राहतात. काही जण एका दिवसात सगळं शहर उरकायला निघतात.

माझ्या वाट्याला असा दिवस पहिल्यांदा आला तेव्हा मी आदल्या रात्री सात ठिकाणांची यादी केली होती. सातही नावाजलेली आणि सातही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना. त्यातल्या चारांच्या दारापर्यंत गेले. ज्या संग्रहालयासाठी खरं तर मुक्काम वाढवला होता, त्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं कमी होती. पहारेकरी साखळी ओढून घेत होता. “पाचपर्यंत उघडं असतं ना?” मी विचारलं. “असतं की. पण आत सोडणं साडेचारला थांबतं,” असं म्हणून त्यानं साखळीची कडी आकड्यात अडकवली. आतल्या अंगणात माणसं निवांत बसलेली दिसत होती. त्या दिवसातलं मला आजही सगळ्यात स्पष्ट काय आठवत असेल, तर बसच्या खिडकीची धुळकट काच.

पुढे असे बरेच दिवस वाट्याला आले आणि हळूहळू एक पद्धत बसली. पहिल्यांदाच एकट्यानं निघणाऱ्यांसाठी ती क्रमानं सांगते.

१. आधी हातातले तास मोजा

“पूर्ण दिवस आहे” असं म्हणू नका. परतीच्या वेळेपासून उलटं मोजत या. गाडी रात्री नऊची असेल, तर स्टेशनात आठला हवं. सामान उचलायला साडेसात. म्हणजे फिरणं साडेसहाला आटोपायला हवं. सकाळी नऊला निघालात तर हातात साडेनऊ तास आले. त्यातून जेवणखाण आणि बसणं यांचे दोन तास काढा, जाण्यायेण्याचे दोन काढा. राहिले साडेपाच.

चालण्याचाही हिशेब धरा. साधा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, पण थांबत, बघत, वाट शोधत चालताना तेवढ्याच वेळात दोन-अडीचच होतात. रोजची सवय नसेल तर दिवसाला आठ-दहा किलोमीटर पुरे. त्यापुढे पाय बोलायला लागतात आणि मग समोर काहीही असलं तरी डोळ्यांत शिरत नाही.

२. एकच मुख्य ठिकाण, आणि त्याच्या आसपासचाच भाग

सगळ्या लेखात एवढं एकच लक्षात राहिलं तरी माझं काम झालं. जे बघितलं नाही तर परत गेल्यावर हळहळ वाटेल असं एकच ठिकाण निवडा. मग नकाशावर त्याच्याभोवती पायी जाता येईल एवढं, दीड-दोन किलोमीटरचं वर्तुळ मनात काढा आणि बाकीचं जे काही बघायचं ते त्या वर्तुळातलंच घ्या. जुना बाजार, एखादी बाग, नदीचा घाट, देऊळ किंवा चर्च, चांगल्या इमारतींचा एखादा रस्ता, असं काही ना काही तिथे असतंच. शहराच्या दुसऱ्या टोकाला कितीही प्रसिद्ध काही असलं तरी आज ते नाही.

मुख्य ठिकाण निवडताना प्रसिद्धीकडे बघू नका, आवडीकडे बघा. रेल्वेचं वेड असेल तर इंजिनांचं संग्रहालय, झाडांची आवड असेल तर वनस्पती उद्यान. घरच्यांबरोबर असताना असली निवड सगळ्यांना पटवावी लागते. एकट्यानं फिरण्याचा खरा फायदा इथे आहे. कंटाळा आला तर पाच मिनिटांत निघता येतं आणि मन रमलं तर तीन तास एका जागी बसता येतं.

शिवाय एक पर्याय छपराखालचा ठेवा. पाऊस लागला किंवा उन्हानं जीव नकोसा झाला की ऐनवेळी फोनवर शोधत बसावं लागत नाही.

३. सुट्टीचा वार, शेवटचा प्रवेश, तिकिटाची वेळ

या तीन गोष्टी आदल्या रात्रीच तपासा. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया जातात.

बरीच संग्रहालयं आणि स्मारकं आठवड्यातून एक दिवस बंद असतात आणि तो वार रविवार असेलच असं नाही. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, तर नदीपलीकडचं ओर्से सोमवारी. म्हणजे मंगळवारी लूव्रच्या दारात अडलेल्या माणसाला पूल ओलांडून ओर्सेला जाता येतं, पण हे आधी ठाऊक असेल तरच. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय बुधवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, मात्र महिन्याचा शेवटचा रविवार त्याला अपवाद. एकाच्या वारावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

दुसरी गोष्ट माझ्या त्या साखळीची. बंद होण्याची वेळ आणि आत सोडणं थांबवण्याची वेळ वेगळी असते. दोन्हींत अर्धा ते एक तासाचं अंतर सर्रास असतं आणि मोठ्या ठिकाणी काही दालनं त्याहूनही आधी रिकामी करायला लागतात.

तिसरी म्हणजे वेळेचं तिकीट. गर्दीच्या ठिकाणी आता ठरावीक तासाचंच तिकीट मिळतं आणि ते आधी घ्यावं लागतं. ते त्या ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. नावात थोडासा फरक करून तसंच दिसणारं दुसरं संकेतस्थळ शोधात वर येतं आणि त्याच तिकिटाचे जास्त पैसे लावतं. पत्ता दोनदा वाचा. शक्य असेल तर दिवसातली पहिली वेळ घ्या. संध्याकाळची घेतलीत तर सगळा दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो.

४. शहराची मांडणी आदल्या रात्री डोक्यात बसवा

प्रत्येक शहराची आखणी वेगळ्या तऱ्हेची असते. ती तऱ्हा कळली की निम्मी भीती जाते. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनची आखणी १८११ च्या आराखड्यानुसार चौकटीची आहे. बेटाच्या दक्षिण टोकाकडचा जुना भाग सोडला तर आडव्या रस्त्यांचे आकडे उत्तरेकडे वाढत जातात आणि असे वीस रस्ते ओलांडले की साधारण १.६ किलोमीटर झाले. पॅरिसचे २० विभाग मधून सुरू होऊन गोगलगाईच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेनं बाहेर जातात. त्यामुळे पत्त्यातला आकडा लहान असला की समजायचं, आपण मध्याजवळ आहोत. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. तिथला पत्ता विभाग, इमारतींचा गट आणि इमारत यांच्या क्रमांकांनी ठरतो. रस्त्याचं नाव शोधत बसणारा तिथे हमखास अडकतो.

अमेरिकी नगररचनातज्ज्ञ केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये मांडलं होतं की माणसं शहर मनात धरतात ते पाच गोष्टींच्या आधारानं: वाटा, कडा, मोहल्ले, नाके आणि ठळक खुणा. मी हे फार शब्दशः घेते. एका वापरलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेननं पाच रेघा काढते. नदी किंवा रेल्वेमार्ग ही कडा, एक मोठा रस्ता ही वाट, दुरून दिसणारा मनोरा ही खूण, सामान ठेवलेली जागा आणि मुख्य ठिकाण. एवढंच. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालतं, कारण ते काढताना जे डोक्यात बसतं ते फोनवर तासभर बोट फिरवूनही बसत नाही. दुसऱ्या दिवशी ते पाकीट क्वचितच बाहेर काढावं लागतं.

५. जवळ काय काय हवं

- ओळखपत्र. परदेशात असाल तर पासपोर्टची छायाप्रत आणि फोनमध्ये त्याचा फोटो. मूळ पासपोर्ट जवळ बाळगणं सक्तीचं असेल तिथे तो आतल्या कप्प्यात.
- पैसे दोन जागी. दिवसाला लागतील तेवढे हाताशी, बाकीचे आणि एक जादा कार्ड वेगळ्या जागी.
- मुक्कामाचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून, तिथल्या लिपीत. फोन बंद पडला तर हाच कागद रिक्षावाल्याला किंवा टॅक्सीवाल्याला दाखवायचा.
- घरच्या एका माणसाचा क्रमांक त्याच कागदावर. आपल्याला हल्ली कुणाचेच क्रमांक पाठ नसतात.
- पूर्ण चार्ज केलेला फोन, केबल आणि पॉवर बँक. १०,००० एमएएचची एका दिवसाला पुरून उरते. परतीचं विमान असेल तर ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.
- त्या शहराचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला.
- पाण्याची बाटली, नेहमीची औषधं, दोन-चार चिकटपट्ट्या, छोटी छत्री.
- एक मोठी ओढणी किंवा सुती उपरणं. प्रार्थनास्थळात डोकं-खांदे झाकायला, उन्हात डोक्यावर घ्यायला, बाकावर अंथरायला असं दहा कामी येतं.
- पेन.

पायात जुने, मुरलेले बूट किंवा चपला. सहलीसाठी म्हणून घेतलेली नवी जोडी या दिवशी घालू नका. टाच सोलवटली की दुपारी बारालाच दिवस संपतो.

पिशवी एकच आणि अंगावर आडवी अडकवता येईल अशी घ्या. दोन पिशव्या असल्या की कुठेतरी एक मागे राहते.

६. सामानाची सोय

खोली सकाळी सोडायची असेल तर “संध्याकाळपर्यंत बॅग ठेवता येईल का” हे आदल्या रात्रीच विचारा. बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात. ते ठिकाण परतीच्या वाटेवर नसेल तर स्टेशनातलं क्लोकरूम बघा. भारतात रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप नसेल तर ते शोधण्यात सकाळचा अर्धा तास जातो. पावतीचा लगेच फोटो काढा आणि काउंटर किती वाजता बंद होतं ते तोंडी विचारून खात्री करा.

मोठी बॅग घेऊन संग्रहालयात जाऊन तिथे ठेवू, हा बेत करू नका. बऱ्याच ठिकाणी प्रवासी बॅगा आत घेतच नाहीत.

७. सकाळी लवकर निघा

मुख्य ठिकाण उघडताना तुम्ही दारात असायला हवं. पहिल्या तासात गर्दी कमी असते, ऊन कोवळं असतं, पाय ताजे असतात. शिवाय मनावरचं ओझं उतरतं. दुपारपर्यंत मुख्य गोष्ट झालेली असली की पुढचा दिवस मोकळा श्वास घेत जातो.

निघण्यापूर्वी घरी कुणाला तरी दोन ओळी पाठवा: आज कुठे जाणार, किती वाजता परतणार. आणि ती वेळ पाळा.

८. मेट्रो, बस, बोट

मेट्रोचा नकाशा हा अंतराचा नकाशा नसतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक यांनी विजेच्या जोडण्यांच्या आकृतीसारखा सरळ रेघांचा आखला आणि तो १९३३ मध्ये छापून लोकांच्या हाती आला. पुढे जगभरच्या मेट्रोंनी तीच रीत उचलली. त्यात स्टेशनांचा क्रम बरोबर असतो, अंतरं मात्र सोयीप्रमाणे लांब-आखूड केलेली असतात. लंडनमधल्या लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांत जेमतेम २६० मीटर आहेत. नकाशा बघून लोक जिने उतरतात, गाडीची वाट बघतात आणि पुन्हा वर येतात. चालत गेले असते तर केव्हाच पोचले असते. म्हणून एक-दोन स्टेशनांचं अंतर असेल तर आधी खऱ्या नकाशावर बघा.

मेट्रोत दिशा कळते ती शेवटच्या स्टेशनाच्या नावावरून. आपल्या स्टेशनाबरोबर त्या दिशेच्या शेवटच्या स्टेशनाचं नावही लिहून घ्या. बाहेर पडायचं दार कोणतं तेही आधी बघा. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. चुकीच्या दारानं वर आलात तर समोरचं ठिकाण गाठायला मोठा वळसा पडतो.

दिवसाचा पास घ्यायचा का, याचा हिशेब सोपा आहे: पासाची किंमत भागिले एका फेरीचं भाडं. आकडा चार आला आणि तुम्ही एकाच भागात फिरणार असाल तर पास घेऊ नका. काही शहरांत नेहमीचं बँक कार्डच फाटकावर टेकवता येतं. लंडनमध्ये एकच कार्ड दिवसभर टेकवलं तर ठरावीक रकमेनंतर त्या दिवशी भाडं वाढत नाही. पण सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवलात तर यंत्राच्या दृष्टीनं ते दोन वेगळे प्रवासी होतात आणि तो फायदा जातो.

नदीवर किंवा खाडीवर लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याची बोट असेल तर ती चुकवू नका. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंडची बोट फुकट आहे. साधारण २५ मिनिटांच्या त्या फेरीत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि सगळी गगनचुंबी रांग समोरून जाते. पलीकडे मात्र सगळ्यांना उतरून पुन्हा चढावं लागतं, तेवढा वेळ धरा. इस्तंबूलमध्ये बॉस्फरस ओलांडणाऱ्या आणि हाँगकाँगमध्ये बंदर ओलांडणाऱ्या बोटीही अशाच. कामावर जाणारी माणसं पेपर वाचत बसलेली असतात आणि आपण कठड्याला टेकून सगळं शहर बघत असतो. पर्यटकांसाठीच्या महागड्या फेरीपेक्षा मला हे कितीतरी जास्त आवडतं.

९. जमिनीखालून वर आल्यावर

मेट्रोच्या जिन्यावरून वर आलं की दिशा हरवते. फोनवरचा निळा ठिपका उड्या मारतो, कारण उपग्रहांचे संदेश उंच इमारतींवर आपटून फिरून येतात. अशा वेळी ठिपक्यामागे धावू नका. बाजूला भिंतीशी उभं राहा, सरळ वीस-तीस पावलं चाला आणि ठिपका कुठे सरकतो ते बघा. सकाळ असेल तर सूर्य पूर्वेच्या बाजूला आहे, एवढंही पुरतं.

इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं, हे अनेकांना माहीत नसतं. फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकत असतो. नेटवर्क नसेल तर जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. नकाशा आधी उतरवून घ्या म्हटलं ते यासाठी.

फोन हातात धरून चालत राहू नका. एका वळणापर्यंतची वाट वाचा, फोन खिशात टाका, चाला. चोराला लांबूनच कळतं की या माणसाला वाट माहीत नाही. आणि मान खाली घालून चालणाऱ्याला शहर दिसतही नाही.

१०. संग्रहालयात थोडंच बघा

मोठ्या संग्रहालयात दीड-दोन तासांनी डोकं जड होतं, पाठ धरते. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये या थकव्यावर लिहिलं होतं. त्यांनी एका माणसाला वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले. खालच्या फळीतली वस्तू वाचायला तो किती वाकतो, वरची बघायला मान किती ताणतो, हे त्यांत दिसतं. शंभर वर्षांनंतरही आपण तसेच वाकतो.

म्हणून आत शिरल्यावर आधी बाकावर बसून आराखडा बघा आणि आठ-दहा वस्तू किंवा दोन-तीन दालनं ठरवा. सगळे जिकडे वळतात त्याच्या उलट, शेवटच्या मजल्यावरून सुरुवात केली तर बऱ्याचदा शांतता मिळते. मग एखाद्या गोष्टीपाशी खूप वेळ थांबा. एकदा मी एका छोट्या तराजूपाशी थांबले होते. पितळी, तळहाताएवढी पारडी. जरा वेळानं लक्षात आलं की उजव्या पारड्याची कड आतून झिजून पातळ झाली आहे, डाव्याची जशीच्या तशी आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं अंगठ्यानं त्याच जागी पारडं धरलं असणार. पाटीवर याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. सोबत कुणी असतं तर मी तिथे तेवढी थांबलेच नसते.

फोटोचे नियम दारातच वाचा. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलसारख्या काही जागी फोटोला मुळीच परवानगी नाही.

११. खाणं, बसणं आणि दुपारची ती वेळ

एकट्यानं जेवायला बसायचा संकोच पहिल्यांदा सगळ्यांना वाटतो. गर्दीच्या अर्धा तास आधी जा. जागा निवांत मिळते आणि टेबल अडवल्यासारखं वाटत नाही. भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसा, पिशवीचा पट्टा मांडीत किंवा पायात अडकवा. टेबलावर फोन ठेवू नका.

स्वच्छतागृह दिसलं की जाऊन या, गरज वाटेपर्यंत थांबू नका. संग्रहालयं, सार्वजनिक ग्रंथालयं, मोठी स्टेशनं आणि मोठी दुकानं हे भरवशाचे पर्याय. पाणी कमी पिऊन दिवस काढायची सवय अनेक बायकांना असते. ती इथे सोडा, संध्याकाळी डोकं दुखतं.

तीन-चारच्या सुमाराला एकटेपणा येतो. मला अजूनही येतो. सकाळचा उत्साह ओसरलेला असतो, पाय दुखत असतात आणि आजूबाजूला सगळे कुणाबरोबर तरी असतात. तेव्हा लगेच खोलीकडे परतू नका. माणसं आपापल्या कामात गुंतलेली असतील अशा जागी अर्धा तास बसा: बागेतला बाक, ग्रंथालयाची पायरी, मोठ्या स्टेशनाचा हॉल. घरी फोन करायचा तर तो याच वेळी करा. बसून उठल्यावर दिवसाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो बहुतेकदा पहिल्यापेक्षा चांगला जातो.

१२. फसवणारे आणि त्रास देणारे

नियम एकच. आपण ज्याच्याकडे गेलो तो माणूस बहुधा चांगला असतो, जो स्वतःहून आपल्याकडे येतो त्याच्याशी जपून. मदत हवी असेल तर कुणाला विचारायचं ते तुम्ही ठरवा: दुकानदार, तिकीट खिडकी, मुलांना घेऊन निघालेलं जोडपं.

“आज ते बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो,” हे वाक्य तर जगभर ऐकायला मिळतं. बँकॉकच्या राजवाड्याबाहेरचा हा प्रकार इतका जुना आहे की त्याबद्दल पर्यटकांना वारंवार सावध केलं जातं. तिथून माणसाला दुकानांमध्ये फिरवतात. कुणी काहीही म्हणो, दारापर्यंत चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मनगटात दोरा बांधायला येणारा, सहीसाठी कागद पुढे करणारा, रस्त्यावर वाट्यांखाली गोटी लपवून पैजा लावणारा, पहिल्या भेटीत चहाला चला म्हणणारा, या सगळ्यांना एकच उत्तर: मान हलवून “नको” आणि न थांबता पुढे. कारण सांगत बसलात की बोलणं सुरू होतं.

कुणी मागे येतंय असं वाटलं तर मुक्कामाच्या दिशेनं जाऊ नका. जवळच्या दुकानात किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात शिरा आणि तिथल्या माणसाला सरळ सांगा. “एकट्याच आलात का?” असं कुणी विचारलं तर “नाही, मैत्रीण पुढे थांबली आहे” म्हणा. इथे खरं बोलण्याचं बंधन नाही. आणि मन आतून नको म्हणत असेल तर त्या गल्लीत जाऊ नका, मग ती कितीही सुंदर असो.

आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये ठेवा. भारतात आणि युरोपीय संघातल्या देशांत ११२ चालतो. इतरत्र वेगळा असेल तर आदल्या रात्री बघून घ्या.

१३. वाट चुकली तर

थांबा, पाणी प्या. जिथून आलात त्या शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत जा. पुढे जाऊन आपोआप वाट सापडेल या आशेवर दोन वळणं आणखी घेतलीत की परतीची वाटही हरवते. रस्ता विचारताना “अमुक ठिकाण इकडेच ना?” असं विचारू नका, लोक भिडेनं हो म्हणतात. “अमुक ठिकाण कुठे आहे?” असं विचारा आणि दोघांना विचारा. उत्तरं जुळली तर निघा.

उजेड असेल, वेळ हातात असेल आणि रस्त्यावर बायका-मुलं दिसत असतील तर थोडं चुकायलाही हरकत नाही.

१४. संध्याकाळ आणि परत फिरणं

उंचावरून शहर बघायचं असेल तर मावळतीच्या तासभर आधी वर पोचा. दिवसाचा उजेड, मावळती आणि दिवे, तिन्ही एका तिकिटात बघून होतं. अंधार मात्र सगळीकडे सारखा पडत नाही. विषुववृत्ताजवळच्या शहरांत सूर्य बुडाला की झपाट्यानं काळोख होतो, आणि उत्तर युरोपात उन्हाळ्यात रात्री नऊ-दहापर्यंत लख्ख दिसतं. तिथे उजेडावर विसंबून राहिलात तर दुकानं बंद झालेली असतात आणि बसची शेवटची फेरी निघून गेलेली असते. परतीची शेवटची मेट्रो किंवा बस किती वाजता, हे सकाळीच लिहून ठेवा. फोनची बॅटरी परतीसाठी तीस टक्के तरी राखा.

ठरलेल्या वेळेला, काहीही बघायचं राहिलं असलं तरी, वळा. सामान घेतल्यावर काउंटरवरच कुलूप, कप्पे आणि नगांची संख्या बघून घ्या. घरी “निघाले” असं कळवा. मग फलाटावर जागा मिळाली की मी ते पाकीट बाहेर काढते आणि खरंच चालले त्या वाटेवर पेन फिरवते. नदी बहुतेकदा चुकीच्या बाजूला काढलेली असते, ती दुरुस्त करते. तराजू दिसला ते दालन, दुपारी बसले तो बाक, दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली तो नाका, सगळ्यांवर बारीक खुणा करते. जे राहिलं त्याभोवती गोल काढून वार लिहून ठेवते: सोमवारी बंद.